पाहुणा कुठवर आत येतो?

बाली बेट क्षेत्रफळाने परभणी जिल्ह्यापेक्षा थोडं लहानच आहे. बाली 5,780 चौरस किलोमीटरच्या आसपास, परभणी सहा हजारांच्या पुढे. त्या बेटावर 2019 साली 60 लाखांहून जास्त परदेशी प्रवासी आले. त्यांतले अनेकजण हॉटेल सोडून एखाद्या कुटुंबाच्या आवारातच खोली घेतात. सकाळी घरातली बाई केळीच्या किंवा माडाच्या पानाच्या द्रोणात फुलं नि भाताची शितं घेऊन दाराशी, देवाशी, चुलीशी ठेवत जाते, ते त्यांना अंथरुणातून दिसतं. घरात लग्न किंवा बारसं निघालं तर त्यांनाही बसायला बोलावतात. समुद्र आणि भातखाचरं विसरली तरी हे घर त्यांच्या लक्षात राहतं.

परभणीला अशा हौसेने फारसं कुणी येत नाही. लोक येतात ते कृषी विद्यापीठात शिकायला, बदलीवर, फेब्रुवारीतल्या उरुसाला, गंगाखेडला गोदावरीकाठी उत्तरकार्याला, नाहीतर पंढरपूरच्या वाटेवर. तरीही हा जिल्हा पाहुण्याला घरात घेण्यात बालीच्या मागे नाही, असं मी ठामपणे म्हणतो. फरक एवढाच की बालीच्या घरावर पुष्कळ लिहिलं गेलं, परभणीच्या घरावर फारसं कुणी सविस्तर लिहिलं नाही. म्हणून हा लेख. या घरांमध्ये पाहुण्याचं नेमकं काय होतं, ते का होतं, आणि ते कुणाच्या कष्टावर होतं, हे सांगायचं आहे.

सुरुवात घराच्या बांधणीपासूनच करावी लागते, कारण पाहुण्याची जागा आधी घर ठरवतं आणि मग माणसं. मराठवाड्यातला जुना वाडा बाहेरून गढीसारखा बंद दिसतो. मोठा दरवाजा ओलांडला की आत दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीचे ओटे असतात. ही ढाळज. घरमालक दिवसाचा बराच वेळ इथेच बसतो. हिशेब, भांडणतंटा, सोयरिकीची बोलणी सगळं इथेच. अनोळखी माणूस प्रथम ढाळजेत बसतो. तिच्यापुढे चौक, चौकाच्या कडेने ओसरी, ओसरीमागे माजघर, त्याच्याही आत देवघर आणि चूल. डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत. मे महिन्यात परभणीचा पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा या मातीच्या थरामुळेच आतली खोली सुसह्य राहते, आणि रात्री हेच माळवद पाहुण्यांची अंथरुणं पसरायची जागा होतं. भिंतीतल्या बळदात आणि जमिनीखालच्या पेवात धान्य. म्हणजे पाहुणा ज्या जागेवर बसायचा, त्याच्या आसपासच, पण त्याला न दिसेल असा, त्याच्या जेवणाचा साठा असायचा.

बालीतल्या कुटुंबाचं आवारही असंच पायऱ्यापायऱ्यांनी उघडतं. भोवती भिंत, अरुंद दार, आणि दारातून आत पाऊल टाकलं की समोर एक आडवी बुटकी भिंत. वाईट शक्ती सरळ रेषेत चालतात अशी तिथली समजूत आहे, म्हणून ही आडकाठी. शिवाय रस्त्यावरच्या माणसाची नजरही थेट आत जात नाही. मग मोकळं अंगण आणि त्याभोवती एकेका कामासाठी वेगळे मांडव. डोंगर आणि उगवतीच्या बाजूच्या कोपऱ्यात घराण्याचं देऊळ, समुद्राच्या बाजूला स्वयंपाकघर आणि धान्याची कोठी. पाहुणा उघड्या मांडवात बसतो. दोन्हीकडे घराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं की परका माणूस कुठपर्यंत येईल, आणि पुढे यायचं तर काय घडलं पाहिजे.

परभणीत वाडे आता झपाट्याने पडताहेत. माळवदाला दरवर्षी पावसाआधी नवी माती घालावी लागते. ती घालणारी माणसं गेली, लाकूड महाग झालं, भाऊ वेगळे निघाले. जागोजागी स्लॅबची घरं उभी राहिली. पण ढाळज गेली तरी तिची रीत गेली नाही. स्लॅबच्या घरापुढे पत्र्याची पडवी असते, तिथे प्लास्टिकच्या चार खुर्च्या नि एक बाज असते, आणि पहिला तांब्या तिथेच येतो.

तांब्याबरोबर प्रश्न येतात. "कुठून यायलाव? कुण्या गावचे? आडनाव काय? तिकडं आमचे पाव्हणे हायेत, वळखता का?" शहरातल्या माणसाला ही चौकशी नकोशी वाटते. तिच्यामागचं कारण समजलं तर ती तशी वाटणार नाही. गावाकडे माणसाची ओळख त्याच्या कार्डावर नसते, नात्यांच्या जाळ्यात असते. चौकशी करणारा तुमच्या गावात आपला एखादा व्याही, मावसभाऊ, जुना वर्गमित्र शोधत असतो. तो सापडला की तुम्ही अनोळखी राहत नाही. एक धागा मिळाला आणि मग घर मोकळं होतं. बालीतही कुठून आलात, कुठे चाललात, लग्न झालंय का, मुलं किती, हे प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतात, आणि त्यांचा हेतूही हाच असतो. तेव्हा प्रवाशाने या प्रश्नांना तुटक उत्तरं देऊ नयेत. आपलं गाव, आपली शेती असेल तर ती, आईवडील, सगळं सांगावं. आणि उलट विचारावंही.

मग जेवण. सकाळी गेलात तर सुशीला मिळेल. भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी. परभणी, नांदेड, लातूरकडे हे पोह्यांइतकंच घरोघरचं. दुपारी बेसन-भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी, कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी. वाटेसाठी धपाटे, कारण ते दोन दिवस टिकतात. पण या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती येसर आमटी, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं.

येसर म्हणजे धान्य, डाळी, धणे नि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं पीठ. उन्हाळ्यात एकदा करून डब्यात भरलं की महिनोन्‌महिने टिकतं. पाहुणा आला, घरात भाजी नाही, बाजार आठवड्याचा आणि तोही परवा. अशा वेळी फोडणीत पाणी ओतायचं, उकळी आली की येसर लावायचं. दाट, झणझणीत आमटी तयार. चार माणसं वाढली तर आणखी पाणी, आणखी दोन मुठी येसर. मराठवाड्यातल्या लग्नांच्या पंगतींत ही आमटी असतेच, ती याच कारणाने: माणसं किती येतील याचा अंदाज नसतानाही ती पुरते. कोरडवाहू, बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात आतिथ्य टिकवायचं असेल तर ते साठवून ठेवता आलं पाहिजे. येसर, कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वाळवलेली भाजी: चैत्र-वैशाखात अंगणात आणि माळवदावर जे वाळत घातलं जातं, त्यात घरच्यांइतकाच पुढच्या वर्षभराच्या पाहुण्यांचाही वाटा मोजलेला असतो. पाहुणा दारात येतो पौषात, त्याची तयारी झालेली असते वैशाखात.

ही तयारी कोण करतं? आतिथ्याचं कौतुक करणारे लेख इथे थांबतात, आणि थांबू नये ते इथेच. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवणं, चीक काढणं, पहाटे उठून शिजवणं, उन्हं चढायच्या आत घालणं, हे सगळं शेजारपाजारच्या बाया एकमेकींच्या घरी पाळीपाळीने करतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. भाकरी तर करून ठेवताच येत नाही. ती तव्यावरून थेट ताटात जावी लागते. दहा माणसांची पंगत म्हणजे एका बाईने तास-दीड तास चुलीपुढे बसून केलेल्या वीस-पंचवीस भाकऱ्या. गॅस आला, पण मोठ्या पंगतीला अजून चूलच पेटते. आणि पुष्कळ घरांत ती बाई सगळ्यांत शेवटी जेवते. पाहुण्याला आग्रह करकरून वाढलेल्या चौथ्या भाकरीचा हिशेब आत कुणीतरी मनात करत असतं. पाण्याचंही तसंच. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा काळात पाहुण्याच्या अंघोळीची बादली ही या मुलखात कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते.

हे लिहिताना गंगाखेडची जनाबाई आठवल्याशिवाय राहत नाही. परंपरा सांगते की तेराव्या-चौदाव्या शतकातली ही मुलगी, दमा नावाच्या वारकऱ्याची लेक, लहानपणीच पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या, म्हणजे नामदेवांच्या, घरी आली आणि तिथलीच झाली. दामाशेटींचं मूळ गाव म्हणून सांगितलं जाणारं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि हिंगोली 1 मे 1999 पर्यंत परभणीचाच भाग होती. म्हणजे एकाच मुलखातली दोन माणसं परक्या गावी एका छपराखाली आली. एक त्या घरचा मुलगा, दुसरी त्या घरची दासी. जनाबाईच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, शेणी वेचणं आहे, आणि या प्रत्येक कामात विठ्ठल तिच्याजवळ येऊन हात लावतो. देवाने दर्शन द्यावं आणि निघून जावं, एवढ्यावर तिचं भागत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो. घरात येऊन नुसता जेवून न जाणारा, कामाला बसणारा पाहुणा कसा असतो, याचं मराठीतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत जिव्हाळ्याचं चित्र मला तिच्याच रचनांत दिसतं. गोदावरीकाठी तिचं मंदिर आहे. गंगाखेडला गेलात तर नदीचा घाट पाहण्याआधी तिथे जावं.

आता पंढरीच्या वाटेकडे येतो, कारण प्रवाशाला घरात घेण्याची परभणी जिल्ह्याची खरी परीक्षा दरवर्षी तिथे होते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी अर्ध्या शतकाहून अधिक काळ पायी पंढरपूरला जाते आहे. अकोला, वाशीम, हिंगोली जिल्ह्यांतून औंढा नागनाथ करून ती परभणीत शिरते. परभणी, दैठणा, गंगाखेड अशी खाली उतरत परळीकडे जाते. सुमारे सातशे वारकरी, पांढरे कपडे, खांद्यावर पताका, एका ओळीत चालणारी शिस्त. तिच्यामागेपुढे विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी लहान दिंड्या, कुठे पन्नास माणसं, कुठे दोनशे, ज्यांच्याकडे ना मोठा ट्रक ना आचारी. अशा दिंड्या वाटेवरच्या गावांच्या आधारावरच चालतात.

ही वेळ नीट लक्षात घ्या. आषाढी जून-जुलैमध्ये येते. मृगाचा पाऊस पडलेला असतो किंवा पडायचा असतो. शेतकऱ्याने उरलासुरला पैसा बियाण्यात आणि खतात घातलेला असतो. गेल्या वर्षीच्या ज्वारीचा साठा तळाला लागलेला असतो. घरातलं प्रत्येक माणूस पेरणीला, नाहीतर पहिल्या खुरपणीला शेतात असतं. वर्षातला सगळ्यांत ओढगस्तीचा आणि सगळ्यांत कामाचा पंधरवडा हाच, आणि नेमक्या याच पंधरवड्यात दिंड्या येतात. तरीही चूल थंड राहत नाही, आणि हे एखाद्याच्या दानशूरपणावर चालत नाही. गाव आपसांत वाटणी करतं. दुपारचं जेवण एका भावकीचं, रात्रीचं दुसऱ्या गल्लीचं. घरटी ठरलेल्या भाकऱ्या किंवा पोळ्या फडक्यात बांधून देवळात आणायच्या. भाजी-आमटी एका मोठ्या कढईत, सामाईक वर्गणीतून. अखंड हरिनाम सप्ताहातही गावोगाव हीच पद्धत आहे. एका घरावर दोनशे माणसांचा भार पडला तर ते घर मोडेल. दोनशे घरांवर वाटला तर एका घरच्या वाट्याला दोन-तीन भाकऱ्या येतात. गरिबीतही पाहुणचार कसा निभावतो, या कोड्याचं मोठं उत्तर या वाटणीत आहे.

रात्री वारकरी शाळेत, देवळात, आणि बरेचसे घरांत पांगतात. वर्षानुवर्षं एकाच घरी उतरणारी माणसं असतात. आजोबा ज्यांच्या ओसरीवर झोपायचे त्यांच्याच नातवाच्या स्लॅबच्या खोलीत आज नातू झोपतो. घरचे पाय धुवायला गरम पाणी देतात, कुणी पायाला तेल लावतं. आणि वारकरी फक्त घेत नाहीत. संध्याकाळी हरिपाठ होतो, कीर्तन होतं. दिंडीतल्या बाया पिशवी ठेवल्या ठेवल्या चुलीजवळ सरकतात. एकजण पीठ मळायला घेते, दुसरी लाटते, आणि तासाभरात यजमानीण आणि पाहुणी कुठली ते बाहेरच्याला सांगता येत नाही. ढाळज, ओसरी, माजघर या सगळ्या पायऱ्या एका संध्याकाळी ओलांडल्या जातात, आणि त्या ओलांडायला कारण ठरतं ते हातातलं काम.

बालीतल्या समारंभाचंही हेच आहे. तिथे एका वस्तीतली कुटुंबं मिळून एक संघटना असते, तिला बंजार म्हणतात. कुणाच्या घरी कार्य निघालं की बंजारमधल्या प्रत्येक घरातून माणूस मदतीला जातो. पुरुष पहाटेच्या अंधारात जमून मांस, नारळ नि मसाले बारीक चिरत बसतात. बायका पानांच्या परड्या विणतात. प्रवासी जेवणाच्या वेळी आला तर त्याला उत्तम आसन मिळतं आणि तो पाहुणाच राहतो. पहाटे येऊन मांडी घालून परडी विणायचा प्रयत्न करणाऱ्याला कुटुंब वेगळ्या नजरेने पाहतं. एक फरक मात्र सांगायला हवा. बालीच्या घरात रोजचं जेवण एकत्र होतच नाही. सकाळी एकदा स्वयंपाक करून झाकून ठेवतात, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो आपलं वाढून घेतो. एकत्र जेवणं हे खास प्रसंगाचं; बेटाच्या पूर्वेकडच्या करंगासेम भागात एकाच मोठ्या पानाभोवती बसून जेवायची रीत आहे. आपल्याकडे मात्र पाहुणा घरी असताना घरच्या पुरुषाने आधी जेवून घेतलं तर तो अपमान ठरेल.

सणाच्या ताटांबद्दल मात्र दोन्ही मुलखांचं एकमत आहे. बालीत गलुंगन हा सण त्यांच्या 210 दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येतो, तेव्हा शिजवलेलं अन्न शेजाऱ्यांकडे पाठवतात, मुसलमान शेजाऱ्यांकडेही, आणि ईदला त्यांच्याकडून ताट परत येतं. परभणी शहरात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीत त्यांचा उरूस भरतो आणि त्या दिवसांत शहरात हिंदू-मुसलमान दोन्हींच्या घरी गावाकडचे पाहुणे उतरलेले असतात. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाने इथल्या बोलीत, कपड्यांत आणि ताटात बरंच काही ठेवलं. सकाळी खिचडी आणि आंबट खट्टा मिळाला तर तो त्याच वारशातला. ईदचा शीरखुर्मा डब्यातून शेजारी जातो, दिवाळीचा फराळ त्याच डब्यातून परत येतो; रिकामा डबा परत करायचा नसतो.

पण सगळी दारं सगळ्यांना सारखी उघडी नव्हती, हे सांगितलं नाही तर हा लेख खोटा होईल. ढाळज कुणासाठी आणि दाराबाहेरचा धोंडा कुणासाठी, हे जात ठरवत होती. पाण्याचा तांब्या कुणाला हातात आणि कुणाला वरून ओंजळीत, हेही तीच ठरवत होती. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, आणि परभणी जिल्हा त्यातून सुटला नाही. आज बरंच बदललं आहे, सगळं बदललेलं नाही. प्रवाशाने हे डोळ्यांआड करू नये. गावात गेल्यावर एकाच आळीत बसून राहू नये. बौद्ध वस्तीत, मुसलमान मोहल्ल्यात, वडार-पारध्यांच्या पालावर कुणी चहा विचारला तर तो बसून, सावकाश प्यावा. तुम्ही कुणाच्या घरी काय खाल्लं हे गावाला संध्याकाळपर्यंत कळतं, आणि ते कळणं चांगलंच आहे.

घराच्या आत शिरण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो घरातून जातच नाही. तो शेतातून जातो. परभणीची काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपताना पेरलेली रब्बी ज्वारी नुसत्या त्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर येते. डिसेंबर-जानेवारीत कणसातले दाणे भरतात पण कडक होत नाहीत. दाण्यातली साखर तेव्हा पुरती पिठूळ झालेली नसते, म्हणून तो गोड आणि मऊ लागतो. हाच हुरडा. चार-आठ दिवस उशीर झाला तर चव गेली. सगळ्याच ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. दाणा गोड हवा आणि तुसातून सहज सुटणारा हवा. त्यासाठी जुन्या जाणत्यांनी गूळभेंडी, सुरती अशा जाती बांधाकडेला दोन-चार ओळी तरी जपल्या. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 साली सुरू झालं आणि 2013 पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथल्या संशोधकांनी परभणी मोतीसारखे ज्वारीचे वाण दिले, आणि खास हुरड्यासाठी परभणी वसंत हा वाणही.

शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. रसरशीत निखारे झाले की कणसं आत खुपसतात, जरा भाजली की बाहेर काढून गरमागरम हातावर चोळतात, फुंकर घालून तूस उडवतात आणि दाणे पाहुण्यापुढे ओततात. सोबत गूळ, तिळाची किंवा लसणाची चटणी, दही. चोळणाऱ्याचे तळहात भाजतात. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला चोळू देत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात तो आला की त्याच्या हातात कणीस देतात. इथे ढाळज नाही, माजघर नाही; आगटीभोवती सगळे एकाच उंचीवर बसतात, बायाही, सालगडीही. म्हणून घरात दोन दिवसांत जे बोललं जात नाही ते आगटीवर तासाभरात बोललं जातं. कर्ज, मुलीचं लग्न, न मिळालेला भाव, पुण्याला गेलेला मुलगा. दुर्दैवाने ज्वारी कमी होत चालली आहे. सोयाबीन आणि कपाशीने रानं घेतली, राखणीला माणूस मिळत नाही, ज्वारी काढायला मजूर नाहीत. ज्वारी गेली तर गुरांचा कडबा जातो, रोजची भाकरी विकतची होते, आणि पाहुण्याला शेतावर न्यायचं एक मोठं कारणही जातं.

याच आतिथ्यातून गावाला चार पैसे मिळावेत असा विचार आता होतो आहे. महाराष्ट्राने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. शेतकऱ्याने आपल्या शेतात राहण्या-जेवणाची सोय करून शुल्क घ्यावं, त्याला नोंदणी आणि सवलती मिळाव्यात असा त्याचा उद्देश. पुणे जिल्ह्याच्या बाजूला हे रुजलं, मराठवाड्यात कमी. मला ते परभणीतही यावं असं मनापासून वाटतं, पण बालीकडे नीट बघून यावं. तिथे कुटुंबांना आवारातल्या खोल्यांचा खरा फायदा झाला, मुलं शिकली, घरं सुधारली. त्याच काळात भातशेती विकली गेली, पाण्यावर ताण आला. तिथे अजूनही बंजारचा वचक आहे हे त्या बेटाचं बळ. न्येपी या मौनाच्या दिवशी संपूर्ण बेट चोवीस तास बंद असतं, विमानतळसुद्धा. दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, आणि लाखो रुपये मोजून आलेल्या पाहुण्यालाही खोलीतच राहावं लागतं. यजमानाचा नियम पाहुण्यापेक्षा मोठा असतो हे तिथे टिकलं आहे. परभणीत कृषी पर्यटन येईल तेव्हा सप्ताहाच्या आठवड्यात मांस-दारू मागणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणायची ताकद गावाकडे असली पाहिजे. आणि शुल्काचा वाटा चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा झाला पाहिजे, घरमालकाच्या खिशात नव्हे.

जायचं असेल तर दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आगेमागे जावं. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस परभणीला थेट येते. ओळखीचं कुणी नसेल तर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमार्फत, गावच्या शाळेतल्या गुरुजींमार्फत, दिंडीत चालणाऱ्यांमार्फत ओळख काढावी. जाताना फळं किंवा पेढे न्यावेत. निघताना यजमानाच्या हातात पैसे ठेवू नयेत, तो दुखावतो. लहान मुलाच्या हातावर खाऊला म्हणून ठेवलेले चालतात, देवळाच्या वर्गणीत किंवा सप्ताहाच्या पंगतीला दिलेले तर आनंदाने घेतले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगांचं सूप ओसरीवर आलं तर समोर बसून फोडायला लागावं. विहिरीवर जाणाऱ्याबरोबर जावं. भाकरी थापायला येत नसेल तर ती फुगताना पाहत चुलीजवळ बसावं आणि लाकूड पुढे सारावं.

निघताना बाई असेल तर हळदकुंकू लावून ओटी भरतील, पुरुष असेल तर टॉवेल-टोपी देतील, आणि पिशवीत तुरीची डाळ, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारी, जे घरात असेल ते कोंबतील. नको म्हणू नये. पुढच्या उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली की मोबाइलवर पत्रिका येईल आणि मागोमाग फोन येईल. तेव्हा जरूर जावं. मांडवात गेल्यावर कदाचित तुम्हाला पहिल्या पंगतीत पाटावर बसवतील, टिळा लावतील, आग्रह करतील. आणि घरच्यांनी तुम्हाला खरंच आपलं मानलं असेल तर टिळा लावल्यावर कुणीतरी येसर आमटीची बादली तुमच्या हातात देईल आणि म्हणेल, "ही एवढी पंगत वाढा, मग आपण मागून सगळे संगट जेवू."